सेतुरावांनी दिव्याला सुट्टी दिली

‘‘अहो जावईबापू, थांबा! आधी माणूस, मग चाक!’’

हे सेतुराव एका बसला सांगत होते. बस माझ्या अंगावर येत होती.

मी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध उभी होते. पुढे जावं तर रिक्षा, मागे जावं तर मोटारसायकल. बसच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी केळीचे खुंट बांधलेले, काचेवर शेवंतीच्या माळा, कपाळाला गंध. बाशिंग बांधून नवरा मांडवात शिरतो तशी ती येत होती. फरक एवढाच की नवरा इतक्या जोरात येत नाही.

माझ्या बाजूला खांबावर दोन पिवळे दिवे होते. अशा वेळी ते लुकलुकायला हवेत. ते लुकलुकत नव्हते. त्यांच्याही गळ्यात माळा होत्या. त्यांना त्या दिवशी सुट्टी होती, आणि ती सुट्टी सेतुरावांनी दिली होती.

पुढे काय झालं ते सांगते. पण आधी हा माणूस कोण ते सांगायला हवं, नाहीतर बसला जावई म्हणणारा कुणी वेडा असेल असं वाटेल. पुष्कळांना वाटतं. मलाही काही दिवस वाटत होतं.

सेतुराव माझ्या नवऱ्याचे आतेभाऊ. नवरा गेला, नातं राहिलं. आमची मराठी घराणी या कुंभकोणमला तंजावरच्या राजांच्या वेळेपासून आहेत. तेव्हा कुणी राजाच्या कोठारावर होतं, कुणी पूजेला. आता कुणी बँकेत, कुणी दवाखान्यात, आणि तरुण मंडळी चेन्नईत नाहीतर अमेरिकेत. घरात मराठी आणि उंबरा ओलांडला की तमिळ, अशी आमची रीत. पुण्याकडची माणसं आमची जुनी मराठी ऐकून हसतात. आम्ही त्यांची ऐकून हसत नाही, कारण ती आम्हाला नीट कळत नाही.

सेतुरावांनी जन्मभर एकच नोकरी केली. ते एका कल्याण मंडपमचे, म्हणजे लग्नाच्या कार्यालयाचे, व्यवस्थापक होते. दारात उभं राहायचं, येणाऱ्यावर गुलाबपाणी शिंपडायचं, खडीसाखर द्यायची, ‘या, बसा, आधी कॉफी घ्या’ म्हणायचं. मंडपम पाडून तिथे कापडाचं दुकान झालं. सेतुराव घरी आले, पण त्यांच्यातलं मंडपम काही पडलं नाही. रेशनच्या रांगेत ते म्हणत, ‘‘पहिली पंगत उठूं द्या, मग दुसरी बसेल.’’ डॉक्टरांकडे गर्दी असली की म्हणत, ‘‘मुलीकडच्यांना आधी सोडा.’’ माझ्या नवऱ्याच्या दिवसांत हे दारात उभे आणि येणाऱ्या प्रत्येकाला हसून ‘या या’.

मी आतून ओरडले, ‘‘भावजी, हे लग्न नव्हे!’’

‘‘वैनी,’’ ते म्हणाले, ‘‘माणूस आलं ना? मग आलं. त्याला बसवायला नको?’’

गाड्यांची नाती त्यांनी तेव्हापासून लावली. खासगी बस म्हणजे जावई. उशिरा येतो, मोठ्याने ओरडतो, कुणासाठी थांबत नाही आणि तरी त्याला मान द्यावा लागतो. सरकारी बस म्हणजे सासरे, खोकत खोकत येतात आणि मध्येच बसकण मारतात. मिनी बस म्हणजे मेहुणा. रिक्षा म्हणजे भाचे, कुठूनही शिरतात. लॉरी म्हणजे व्याही, तिला काही बोलता येत नाही. स्कूटरवरच्या मुली करवल्या, नटलेल्या असतात आणि समोर बघत नाहीत. सायकलवाला म्हणजे लांबचा गरीब मावसभाऊ. त्याला कुणी बोलावलेलं नसतं, पण सेतुराव त्याला सगळ्यांत आधी वाट देत.

हे सगळं ते मराठीत बोलत, रस्त्याच्या कडेला उभे राहून, मोठ्याने. तमिळ उत्तम येत असताना! मी एकदा म्हटलं, ‘‘भावजी, ड्रायव्हरला मराठी कळतं का?’’

‘‘त्याला कळावं म्हणून कोण बोलतो आहे?’’ ते म्हणाले. मग कुणासाठी बोलता, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, म्हातारपण.

आता रस्त्याचं सांगते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी साधा चौक होता. मधे पोलीस उभा असे. तो हात वर करी, गाड्या थांबत, आम्ही जात असू. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि चौकात मोठं गोल बेट बांधलं. त्यात एक कारंजं बसवलं. त्याला पाणी कधी आलं नाही. याला इकडे रवुंडाना म्हणतात. नाचियार्कोविलकडून येणाऱ्या बसेस, स्वामीमलैला जाणाऱ्या बसेस, स्टँडकडे पळणाऱ्या बसेस, सगळ्या त्या बेटाला प्रदक्षिणा घालतात. रवुंडानाचा गुण म्हणे हा की गाड्यांना थांबावं लागत नाही. असेल. पण गाडी कधी थांबतच नाही म्हटल्यावर चालणाऱ्याने जायचं कधी? जमिनीवर पांढरे पट्टे आखले होते. त्यांवर रिक्षा विसावा घेत.

आमची उरलीसुरली मराठी घरं या बाजूला. पलीकडे पेरुमाळचं, म्हणजे विष्णूचं, देऊळ, फुलांची दुकानं आणि सेतुरावांचं घर. बायको सरसू गेलेली, मुलगा परदेशात. रवुंडाना झाल्यावर आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या एकेक करून पलीकडे जायच्या बंद झाल्या. शेजारच्या कमळाबाईंनी तर रस्त्यासाठी देव बदलला. जन्मभर पेरुमाळ केलेली बाई, ती अलीकडच्या कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारला, म्हणजे गणपतीला, जाऊ लागली.

मी विचारलं, ‘‘पेरुमाळ रागावणार नाही?’’

‘‘रागावूं दे. तो बसखाली यायचा नाही, मी येईन.’’

मी मात्र जात राहिले. मला घाबरायला वेळ लागतो.

मुलाकडे परदेशात जाऊन आलेले सेतुराव एक गोष्ट घेऊन आले. बाकीचे चॉकलेटं आणतात. यांनी आणली ती हकिगत. तिथे म्हणे अशाच गोल चौकात खांबावर पिवळे दिवे असतात. आपण बटण दाबायचं, दिवे लुकलुकू लागतात आणि गाड्या थांबतात.

‘‘हॉर्न नाही, पोलीस नाही, वैनी. दिवा डोळे मिचकावतो आणि एवढी मोठी लॉरी उभी राहते. व्याही उभे राहतात, व्याही!’’

‘‘तिकडचे राहत असतील.’’

‘‘आपले पण राहतील. आपण कधी मान देऊन बोलावलं आहे त्यांना?’’

तेव्हापासून त्यांनी ध्यास घेतला. असा दिवा इथे बसला पाहिजे, आणि कुणी चाकाखाली यायच्या आत बसला पाहिजे. दुसरा कुणी असता तर अर्ज करत बसला असता. सेतुरावांना अर्ज येत नाही, बोलावणं येतं. त्यांनी चांदीचं तबक घासलं, त्यात आमच्या गावची कोवळी विड्याची पानं, सुपारी, नारळ, हळदकुंकू आणि खडीसाखर ठेवली, जरीचं उपरणं घेतलं आणि रस्त्यांचं काम बघणाऱ्या एका साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. मीही गेले होते, कारण तबकाचं बोलावणं बाईमाणसाशिवाय करत नाहीत.

‘‘साहेब, येत्या शुक्रवारी सकाळी, राहुकाळ लागायच्या आत, आमच्याकडे रस्ता ओलांडायला यावं. सहकुटुंब सहपरिवार.’’

साहेबांनी तबकाला हात लावला. आमच्याकडे पुढे आलेलं तबक कुणी परत सारत नाही. मग त्यांनी विचारलं, ‘‘कुणाचं लग्न?’’

‘‘लग्न नाही. रस्ता.’’

‘‘रस्ता म्हणजे?’’

‘‘एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायचं. एवढाच विधी आहे.’’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘‘या. नाही आलात तर हे दर आठवड्याला तबक घेऊन येतील. मी ओळखते यांना.’’

ते काही पहिल्या शुक्रवारी आले नाहीत. सेतुराव दर आठवड्याला तबक घेऊन गेले. शेवटी साहेब आले, बायकोला घेऊन, सासूलाही घेऊन. बहुधा सासूला बोलावण्याचा अर्थ नीट सांगितला नव्हता, कारण ती कांजीवरम नेसून आली होती. सेतुरावांनी पदपथावर त्यांचं स्वागत केलं. गुलाबपाणी, चंदन, खडीसाखर. मग पट्ट्यांकडे हात करून म्हणाले, ‘‘यावं.’’

पाहुणे उभे राहिले. उभेच राहिले. मग साहेबांची बायको पदर खोचून पळाली आणि पलीकडे पोहोचली. सासू निम्म्यात गेली, दोन जावई दोन्ही बाजूंनी आले, ती कशीबशी बेटावर चढली आणि कोरड्या कारंज्याच्या कठड्यावर बसून राहिली. साहेब अलीकडेच. ते तिथून ओरडत होते, ‘‘अत्तै, हलू नका! तिथेच बसा!’’ सेतुरावांनी सासूबाईंसाठी कॉफी मागवली. कॉफी आली, पण ती घेऊन बेटापर्यंत जायला कुणी तयार होईना.

सासूने बेटावरून आवाज दिला, ‘‘मापिळ्ळै!’’ म्हणजे जावईबापू. ‘‘तुमचं खातं ते हेच का हो?’’

त्या चौकात खऱ्या जावयाला कुणी बोललं ते पहिल्यांदाच. पुढे कागद कुणी हलवला मला ठाऊक नाही. सासूने हलवला असं मी धरून चालते.

दिवा आला. उंच खांब, वर सूर्यावर चालणारी काळी पाटी, खाली दोन पिवळे दिवे आणि कमरेच्या उंचीवर बटण. सेतुरावांना वाटलं, झालं काम. काम तिथून सुरू झालं. ड्रायव्हरांना वाटलं कुठल्या तरी देवळाच्या उत्सवाची रोषणाई आहे, ते आणखी जोरात जाऊ लागले. रिक्षावाले येता-जाता गंमत म्हणून बटण दाबत. आमच्या म्हाताऱ्या खांबाला नमस्कार करीत आणि बटण न दाबताच रस्त्यात उतरत.

‘‘कमळाबाई, नमस्कार नको, बटण!’’

‘‘लुकलुकतं आहे म्हणजे जागृत असेल हो काहीतरी.’’

‘‘वीज आहे!’’

‘‘तीच ती.’’

सेतुराव हटले नाहीत. सकाळी आंघोळ करून ते पट्ट्यांपाशी उभे राहत, एका हातात मंडपममधली गुलाबदाणी, दुसऱ्या हातात खडीसाखरेची वाटी. दिवा लागल्यावर जी गाडी थांबेल तिच्या ड्रायव्हरवर गुलाबपाणी आणि हातावर खडीसाखर. जी थांबणार नाही तिचा मराठीत उद्धार. लोक हसले. पोलिसाने एकदा हटकलं, त्यालाही खडीसाखर मिळाली. रिक्षावाले त्यांना राव तात्ता म्हणू लागले. तात्ता म्हणजे आजोबा. एक लॉरीवाला तर मुद्दाम खिडकीतून हात बाहेर काढून थांबे. ‘‘तात्ता, माझा वाटा?’’

‘‘घ्या व्याही, घ्या. पोटभर घ्या.’’

आणि आम्हाला शिकवणी वेगळीच. ‘‘वैनी, बटण दाबलं म्हणजे संपलं नाही. दिवा गाडीला सांगतो. गाडी ऐकते कीं नाही तें आपण बघायचं. ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघा, हात वर करा, तो थांबला कीं मग पाय टाका. थांबल्याशिवाय टाकायचा नाही. जावयाचा भरवसा लग्नाच्या दिवशीसुद्धां धरूं नये.’’

हळूहळू गाड्या थांबू लागल्या. सगळ्या नाही, पण पुष्कळ. कमळाबाई पेरुमाळला परत जाऊ लागल्या. पेरुमाळने काही विचारलं नाही म्हणे. आम्ही पलीकडे जायचो, दर्शन घ्यायचो, फुलं घ्यायचो, परत यायचो. सेतुराव पलीकडे उभे असत. आम्ही पोहोचलो की हात लांब करून ‘‘या, या’’ म्हणत. सवयच ती. आम्ही ‘‘येतो हं भावजी’’ म्हणून देवळाकडे वळायचो.

मग आयुधपूजा आली. इकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या हत्याराची पूजा करायची. सुताराने करवतीची, मुलांनी पुस्तकांची, ड्रायव्हरने बसची. धुवायचं, गंध-कुंकू लावायचं, केळीचे खुंट बांधायचे, चुरमुरे-गुळाचा नैवेद्य. शेवटी कोहळ्याला भोक पाडून आत कुंकवाचं पाणी भरायचं, वर कापूर लावायचा, तो ओवाळायचा आणि रस्त्यावर फोडायचा. दृष्ट जाते. आणि एक नेम असा की पूजा झालेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही. ते दसऱ्याला उचलायचं. बसवाले हा दुसरा नेम पाळत नाहीत. बस बसली तर गाव बसेल.

सेतुरावांनी दिव्याची पूजा मांडली. खांब पुसला, माळा घातल्या, बटणावर चंदनाचा जाड थर दिला आणि त्यावर एक फूल चिकटवलं.

मी देवळाला निघाले तर म्हणाले, ‘‘वैनी, आज बटण दाबायचं नाही.’’

‘‘मग जायचं कसं?’’

‘‘दिव्याला आज सुट्टी. आज मी दिवा.’’

त्यांनी अंगावरचं पिवळं उपरणं दोन्ही हातांनी पसरलं, मिटलं, पसरलं, मिटलं. लुकलुकून दाखवलं.

‘‘भावजी, तो खांब आहे. त्याला कसली सुट्टी?’’

‘‘रोज राबतो. एक दिवस बसूं द्या त्याला. तुमच्या शिवणयंत्राला आज गंध लावलं कीं नाही? आज त्याच्यावर शिवाल?’’

मी लावलं होतं. शिवणार नव्हते. जाताना त्यांनी मला व्यवस्थित पलीकडे नेलं. उपरण्यापुढे दोन बसेस थांबल्या, एका ड्रायव्हरने हात जोडले.

परत येताना तुळशीचा हार घेऊन मी पट्ट्यांपाशी आले तेव्हा सेतुराव खांबाला कोहळा ओवाळत होते. तोंड खांबाकडे, पाठ रस्त्याकडे. कापूर पेटलेला. मी त्यांना पाहिलं आणि मला वाटलं, दिवा उभा आहे. मी पाय टाकला. ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघितलं नाही. बघितलं असतं तरी दिसले नसते. काचेवर इतक्या माळा आणि केळीची पानं होती की मुंडावळ्यांतून नवऱ्याला दिसतं तेवढंच त्याला दिसत असेल. चूक वाटायची झाली तर चौथाई त्यांची, चौथाई माझी, उरलेली बसची.

मग ते वळले आणि ओरडले, ते मी सुरुवातीला सांगितलं. मराठीत ओरडले. ड्रायव्हर कसला थांबतो!

तेव्हा सेतुरावांनी कोहळा फेकला. पेटलेल्या कापरासकट, दोन्ही हातांनी, बसच्या पुढ्यात. इतका मोठा कोहळा या वयात त्यांनी कसा फेकला देव जाणे. तो माझ्या आणि बसच्या मधे फुटला आणि लाल लाल पाणी काचेपर्यंत उडालं. ड्रायव्हरला पानांतून फक्त लाल दिसलं. त्याला वाटलं, गेलं माणूस. तो ब्रेकवर उभाच राहिला. बस किंचाळत आली आणि थांबली. केळीचं पान माझ्या गालाला लागलं. गार होतं.

सेतुराव माझ्याकडे धावले, आपल्याच कोहळ्यावर घसरले आणि बसच्या पुढच्या चाकाशी आडवे झाले.

एवढा मोठा चौक, पण क्षणभर एक हॉर्न वाजला नाही. मग देवळासमोरच्या बायकांनी गळा काढला. ड्रायव्हर उतरला, रस्ता लाल पाहून त्याने डोकं धरलं आणि पायरीवर बसला. ‘‘ऐयो, कुणाला मारलं मी?’’

मी सांगितलं, ‘‘कोहळ्याला.’’

त्याचा विश्वास बसेना. तो वाकून चाकाखाली बघत होता. चाकाशी सेतुराव, नखशिखांत लाल.

‘‘वैनी, लागलं कां?’’

‘‘मला काही नाही. उठा तुम्ही.’’

‘‘उठतां येत नाही.’’

‘‘का?’’

‘‘पाय ऐकत नाही.’’ मग पडल्या पडल्या त्यांनी मान वळवली आणि ड्रायव्हरला तमिळमध्ये म्हणाले, ‘‘तुम्ही बसा. आधी पाणी घ्या.’’

मागून गाड्या घुसू लागल्या होत्या. हा माणूस रस्त्यात पडलेला. मी खांबाकडे गेले, पदराने चंदन पुसून काढलं आणि बटण दाबलं. दिवे लुकलुकू लागले.

‘‘वैनी, आज सुट्टी...’’

‘‘सुट्टी गेली खड्ड्यात!’’ मी म्हटलं, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत बटण दाबत राहिले. बसेस थांबल्या. व्याह्यांनी आपली लॉरी आडवी घालून रस्ता अडवला.

पायाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून त्यांना घरी आणलं. त्यांचा डबा मी न्यायला लागले. बटण दाबायचं, डोळ्यांत बघायचं, हात वर, मग पाय. रवुंडाना झाल्यापासून मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. देऊळ त्यांच्या घराला लागून, तरी नाही. परतीचा रस्ता ओलांडायची घाई असे.

त्यांच्या घरापुढे तिण्णै आहे, म्हणजे रस्त्याकडची ओटी. तिथे मंडपममधल्या लोखंडी घडीच्या खुर्च्या मांडलेल्या. ओळीने, रस्त्याकडे तोंड करून. एकीवरही धूळ नाही. पुढे एका स्टुलावर तांब्या आणि पेले.

मला वाटलं, विचारपूस करायला कुणी आलं असेल. शेजारची तमिळ बाई त्यांच्याकडे बघायला येते, ती म्हणाली, ‘‘कोणी येत नाही, अम्मा. दिवा बसल्यापासून रोज संध्याकाळी ते खुर्च्या मांडतात. दिवेलागणीला उचलतात. आता उठता येत नाही, तर माझ्याकडून मांडून घेतात.’’

मला आडून विचारता येत नाही. मी आत जाऊन डबा ठेवला आणि म्हटलं, ‘‘भावजी, खुर्च्या कुणासाठी?’’

‘‘येतील त्यांच्यासाठीं.’’

‘‘बोलावलंत का कुणाला? सगळ्या गावाला तबक देता, साहेबाच्या सासूला देता. आम्हाला कधी दिलंत?’’

‘‘बोलावून येतात ते पाहुणे, वैनी. आणि बोलावणार कसा? मी बोलावलं आणि येतांना कोणी चाकाखालीं आलं तर? म्हटलं, आधी रस्ता नीट करूं. रस्ता नीट झाला कीं माणसं आपण होऊन येतील.’’

‘‘आणि नाही आलो तर?’’

‘‘आलांत कीं. पेरुमाळला आलांत.’’

मी डबा उघडला. भात वाढला. ते जेवत होते तेव्हा मी ते जुनं विचारलं, ‘‘बसशी मराठीत का बोलता?’’

‘‘बाहेर तमिळ, घरांत मराठी, ही आपली रीत. सरसू होती तोंवर घर होतं. ती गेल्यावर मराठी कोठें बोलूं? भिंतीशीं बोललों तर वेडा म्हणतील. बसला चार शब्द ऐकवले तर कोणी वेडा म्हणत नाही.’’

‘‘वेडाच म्हणतात,’’ मी म्हटलं.

‘‘म्हणतात?’’

‘‘सगळे.’’

‘‘बरं,’’ ते म्हणाले आणि ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गल्लीतली घरं फिरले. कमळाबाई म्हणाल्या, आज गुडघा दुखतो. मी म्हटलं, गुडघा घेऊन चला. सगळ्यांना पट्ट्यांपाशी उभं केलं, बटण दाबलं, एका जावयाला हाताने थांबवलं आणि सगळ्या म्हाताऱ्या पलीकडे नेल्या. सेतुरावांची बाज तिण्णैवर आणवली. सगळ्या खुर्च्यांवर बसल्या आणि बसल्या बसल्या भांडण सुरू. डांगराच्या पचडीत उडदाचं पीठ भाजून घालायचं की कच्चं, यावरून. कमळाबाई म्हणाल्या, भाजून घालतात ते माहेरचे अडाणी. माझं माहेर भाजून घालतं. मी सोडलं नाही. खूप दिवसांनी एवढी मराठी एका ठिकाणी झाली असेल.

सेतुराव म्हणजे जन्मभर ‘या बसा’ म्हणणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी कुणाला कॉफीसुद्धा विचारली नाही. बाजेवर उताणे पडून ऐकत होते. एक खासगी बस भोंगा वाजवत गेली, तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही.

बाजारात अजून सांगतात की त्या आयुधपूजेला रवुंडानावर एक म्हातारी गेली, रस्ता रक्ताने भरला होता, आम्ही डोळ्यांनी पाहिला. फुलवालीने तर हे मलाच सांगितलं. कुणी गेलं नाही. ड्रायव्हर वाचला. बसमधली माणसं वाचली, एकाचा दात हलला तेवढंच. सेतुराव वाचले, काठी घेऊन चालतात. आणि म्हातारी वाचली. ती मी.